लहान नभोवाणी केंद्रें आणि गाण्याचें मोल

जें गाणें घरबसल्या कानांवर येतें, तें फुकट आलें असें ऐकणाराला वाटतें. यंत्राची कळ फिरवावी आणि भूपाळीपासून लावणीपर्यंत हवें तें ऐकावें; त्यासाठीं कोणाच्या हातावर पैसा ठेवावा लागत नाहीं. परंतु तें गाणें कोणी तरी रचलेलें असतें, कोणी तरी त्याला चाल लावलेली असते, कोणी तरी तें गाइलेलें असतें, आणि कोणी तरी पदरचे पैसे खर्चून तें मुद्रित केलेलें असतें. या चौघांच्या श्रमाचा मोबदला कोणी द्यावयाचा, किती द्यावयाचा, आणि कोणत्या मापानें मोजावयाचा, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलांचा व व्यापाऱ्यांचा वाटतो. वस्तुतः लहान गांवांतील नभोवाणी केंद्रांचें जीवित त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. आणि ज्या बोलीला व ज्या गाण्याला दुसरें व्यासपीठ नाहीं, त्यांचेंहि भवितव्य त्यांतच गुंतलेलें आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील माळशिरस तालुका या विचाराला उदाहरण म्हणून घेण्यासारखा आहे. आषाढी वारींत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुतें, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत याच तालुक्यांतून पंढरीकडे जाते. श्रीतुकाराममहाराजांच्या पालखीचा मुक्काम अकलूजला पडतो. त्या दिवसांत रस्त्यावर अभंगावांचून दुसरा शब्द कानीं पडत नाहीं. अकलूजच्या लावणीस्पर्धेची ख्याति महाराष्ट्रभर आहे. शेजारच्या माणदेशांत धनगरी ओव्यांचें आणि गजनृत्याचें परंपरागत धन आहे. म्हणजे गाण्याला येथें तोटा नाहीं. आतां अशी कल्पना करावी कीं, या तालुक्यांतील दोघां-चौघां होतकरू तरुणांनीं इंटरनेटवर एक लहानसें नभोवाणी केंद्र काढावयाचें ठरविलें. एक संगणक, एक ध्वनिग्राहक आणि महिन्याकांठीं थोडासा खर्च, एवढ्या सामग्रीवर काम सुरू होऊं शकतें. ऐकणारे कोण? घरीं राहिलेलीं वडील माणसें, आणि पोटासाठीं पुण्या-मुंबईकडे गेलेलीं त्यांचीं मुलें. परगांवीं असतांना आपल्या बोलींतले चार शब्द आणि आपल्या मातींतलें एक गाणें ऐकूं यावें, एवढीच त्यांची अपेक्षा. अशा केंद्रानें एक गाणें लावलें, तर तें किती जणांचें देणें लागतें?

कायद्याच्या दृष्टीनें एका गाण्यांत निदान तीन स्वतंत्र मालमत्ता असतात. शब्द ही पहिली, चाल ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणें कवीचा शब्दांवरील आणि संगीतकाराचा चालीवरील हक्क त्यांच्या हयातींत, व मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें चालतो. शिवाय गायकाला स्वतःचा असा गायनाचा हक्क आहे, आणि त्याची मुदत ५० वर्षांची आहे.

उदाहरणें घेतलीं म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कोणाच्याहि मालकीचे नाहींत. ते सर्वांचे आहेत. सोलापूरचे शाहीर राम जोशी १८१२ मध्यें वारले. त्यांच्या लावण्यांचे शब्दहि तसेच मोकळे आहेत. पठ्ठे बापूराव १९४५ मध्यें निवर्तले, म्हणून त्यांची रचना २००६ च्या आरंभापासून खुली झाली. परंतु अण्णा भाऊ साठे यांचें देहावसान १९६९ सालचें. तेव्हां त्यांच्या शब्दांवरील हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत चालणार. ‘गीतरामायणा’ची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. १९५५ मध्यें पुणें केंद्रावरून जें प्रथम घरोघरीं पोंचलें, त्याचे कवि ग. दि. माडगूळकर १९७७ मध्यें गेले, आणि संगीतकार सुधीर फडके २००२ मध्यें. म्हणजे त्याच गाण्याचे शब्द २०३७ नंतर मोकळे होतील, आणि चाल मात्र २०६२ नंतर!

येथेंच लहान केंद्राची पहिली फसगत होते. अभंग संतांचा, तेव्हां तो लावण्यास कोणाची आडकाठी असणार, असें तेथील चालक समजतो. परंतु त्यानें लावलेला अभंग एखाद्या आधुनिक संगीतकाराच्या चालींत, एखाद्या कंपनीच्या मुद्रणांतून येत असतो. शब्द तुकोबांचे असले, तरी चाल आणि मुद्रण यांचे मालक निराळे असतात, व ते आपला हक्क मागूं शकतात.

हा हक्क मागणें अन्यायाचें आहे काय? मुळींच नाहीं. कवि आणि संगीतकार यांना या देशांत फार काळ उपेक्षा सोसावी लागली. १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, चित्रपटासाठीं मोबदला देऊन गीत करवून घेतलें असेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता. करार निराळा नसल्यास रचनाकाराला पुढें कांहीं मागतां येत नाहीं. एकदां ठरलेली रक्कम हातीं पडली कीं संबंध संपला. गाणें पन्नास वर्षें गाजावें, कंपनीनें त्यावर मिळकत करावी, आणि ज्यानें तें रचलें त्याच्या वार्धक्यांत त्याला त्यांतलें कांहींच मिळूं नये, अशी ही व्यवस्था होती. २०१२ च्या दुरुस्तीनें ती बदलली. रचनाकारानें आपला स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, समान वांटा कराराने सोडून दिला तरी तो सुटत नाहीं, असें कायद्यानें ठरविलें. गीतकार जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत या दुरुस्तीचा जोरदार पुरस्कार केला. पुढें २०२३ च्या एप्रिलमध्यें मुंबई उच्च न्यायालयानेंहि सांगितलें कीं, एफएम केंद्रावर ध्वनिमुद्रण वाजलें म्हणजे कवि व संगीतकार यांचा वांटाहि देणें प्राप्त आहे. त्यांच्या वतीनें तो वसूल करणारी संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासून अस्तित्वांत आहे; आणि ध्वनिमुद्रणांच्या अनेक मालकांच्या वतीनें परवाने देणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही कंपनी तर १९४१ सालची आहे.

तेव्हां पैसे द्यावयाचे, याविषयीं वाद नाहीं. पिठाची गिरणी लहान आहे म्हणून तिच्या मालकाला जोंधळे कोणी फुकट देत नाहीं. वाद आहे तो मापाविषयीं आणि परवानगीच्या वाटेविषयीं.

परवानगीची वाट अडली म्हणजे काय होतें, याचा दाखला आकाशवाणीच्याच इतिहासांत आहे. १९५२ मध्यें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दींत चित्रपटगीतांवर मर्यादा आली. आणि चित्रपटाचें नांव सांगणें म्हणजे त्याची जाहिरात करणें होय, या समजुतीनें तें सांगणेंहि बंद झालें. निर्मात्यांनीं उलट आपलीं गाणीं वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. सरकारची अपेक्षा होती कीं श्रोता अभिजात संगीताकडे वळेल. श्रोता वळला, पण तो रेडिओ सिलोनकडे! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारतीचा आरंभ झाला, आणि चित्रपटगीत सरकारी नभोवाणीवर मानानें परत आलें. गाणें अडविल्यानें ऐकणें थांबत नाहीं. श्रोता तेवढा दूरच्या केंद्राच्या स्वाधीन होतो.

खासगी एफएम केंद्रें निघाल्यावर हाच तंटा नव्या रूपानें उभा राहिला. ध्वनिमुद्रणांचे मालक मोठे दर मागूं लागले, आणि केंद्रचालक तक्रार करूं लागले कीं या दरानें दिवाळें निघेल. स्वामित्वहक्क मंडळानें २५ ऑगस्ट २०१० रोजीं असा निवाडा केला कीं, केंद्रानें आपल्या निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या शेकडा २ इतकी रक्कम द्यावी. या मापांतील गुण ध्यानांत घेण्यासारखा आहे. ज्याचें उत्पन्न मोठें त्यानें अधिक द्यावें, ज्याचें लहान त्यानें थोडें; आणि दोघांनींहि कांहीं तरी द्यावेंच.

२०१२ च्या दुरुस्तीनें आणखी एक सोय केली. कायद्याच्या ३१-ड या कलमान्वयें कोणत्याहि प्रसारण संस्थेला मालकाची मनधरणी केल्यावांचून प्रकाशित गाणें लावतां येतें. आगाऊ सूचना द्यावयाची, ठरलेल्या दरानें पैसे भरावयाचे, हिशेब चोख ठेवावयाचा, गाण्यांत मनास येईल तो फेरफार करावयाचा नाहीं, आणि प्रसारणाबरोबर रचनाकार व मुख्य कलावंत यांचीं नांवें सांगावयाचीं, एवढ्या अटी. एके काळीं नांव उच्चारण्यावरून भांडण झालें होतें; आतां नांव उच्चारणें हेंच कायद्यानें कर्तव्य ठरविलें. हा सुधारणेचा एक लहानसा, परंतु समाधानकारक टप्पा म्हणावा लागेल.

या सोयीचा लाभ लहान केंद्रालाहि मिळूं शकतो. पण तें वायुलहरींवर असेल तरच. वायुलहरी ही लोकांची मालमत्ता आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ मध्यें सांगितलें. २००२ मध्यें सरकारनें शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणीची मुभा दिली, आणि २००६ च्या नोव्हेंबरांत ती लोकसेवी संस्थांना व कृषिविज्ञान केंद्रांनाहि मिळाली. माळशिरसच्या शेजारीं माण तालुक्यांतील म्हसवड येथें २००८ मध्यें सुरू झालेलें ‘माणदेशी तरंग’ हें अशांपैकींच एक. अशा केंद्राची शक्ति १०० वॅट इतकीच असते. मैदानांत त्याचा आवाज सुमारें दहा-पंधरा किलोमीटर जातो. मधें डोंगर आला कीं तेथेंच अडतो. मिळकतीलाहि कुंपण आहे. २००६ च्या धोरणांत तासाला ५ मिनिटें जाहिरात करण्याची मुभा होती. २०२४ च्या नियमांनीं ती १२ मिनिटें झाली. परंतु मुभा मिळाली म्हणून जाहिराती मिळतात असें नाहीं. खेड्यांतील बियाण्याचा दुकानदार, दूधसंघ, क्वचित एखादें सरकारी खातें, हेच त्यांचे आश्रयदाते. तरीहि वायुलहरींवरील केंद्राला ३१-ड कलमाचें दार निदान उघडें आहे.

माळशिरसच्या त्या कल्पित तरुणांचें केंद्र मात्र इंटरनेटवर आहे. त्यांना मनोरा उभारावा लागत नाहीं. डोंगर त्यांचा आवाज अडवीत नाहीं. तो थेट पुण्यांतल्या खोलींत आणि परदेशांतल्या घरांतहि ऐकूं जातो. परंतु खरी मेख येथेंच आहे. ३१-ड कलमाचें दार इंटरनेटला उघडें आहे काय? सरकारच्या संबंधित विभागानें २०१६ च्या सप्टेंबरांत काढलेल्या एका टिपणांत ‘आहे’ असें म्हटलें होतें. पुढें टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक ही गाणीं पुरविणारी सेवा यांच्यांत दावा झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें २३ एप्रिल २०१९ रोजीं ‘नाहीं’ असा निकाल दिला. हें कलम नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्यापुरतेंच आहे; टिपण म्हणजे कायदा नव्हे, असें न्यायालयानें सांगितलें. २० ऑक्टोबर २०२२ रोजीं द्विसदस्य पीठानें तोच निर्णय कायम केला. मधल्या काळांत, २०२१ च्या जुलैमध्यें, संसदेच्या स्थायी समितीनें इंटरनेटचा समावेश या कलमांत करावा अशी शिफारस केली होती.

न्यायालयापुढें जो वाद होता, तो दोन धनाढ्यांचा होता. विंक ही कांहीं खेड्यांतली हौस नव्हती. देशांतील एका बलाढ्य दूरध्वनि कंपनीची ती सेवा होती, आणि तींतून ग्राहकाला हवें तें गाणें हवें तेव्हां मिळे, उतरवूनहि घेतां येई. अशा व्यापारानें मालकाशीं समोरासमोर सौदा करावा, हें म्हणणें समजण्यासारखें आहे. पण म्हणतात ना, सुक्याबरोबर ओलेंहि जळतें. जो निर्णय कोट्यवधींच्या व्यापारासाठीं झाला, तोच तालुक्याच्या गांवांतील केंद्रालाहि लागू पडला. आतां त्या तरुणांनीं प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा शोध घ्यावयाचा, त्याच्याशीं निराळा करार करावयाचा, कवि-संगीतकारांच्या संस्थेचा निराळा परवाना घ्यावयाचा, आणि मालकानें ‘नाहीं’ म्हटलें तर गप्प बसावयाचें. मोठ्या कंपनीच्या दृष्टीनें अशा केंद्राशीं करार करण्याचा कागदी खर्चच येणाऱ्या पैशांपेक्षां अधिक. मग उत्तर तरी कोण देणार?

मापाची गोष्ट याहूनहि गंभीर आहे, आणि तिचा अनुभव प्रथम अमेरिकेनें घेतला. वायुलहरींवर एकदां गाणें सोडलें, कीं तें दहा जणांनीं ऐकलें काय आणि दहा लाखांनीं ऐकलें काय, केंद्राचा खर्च तोच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्याकडे गाण्याचा निराळा प्रवाह जातो. म्हणून श्रोते अचूक मोजतां येतात. मोजतां येतात, म्हणून तेथें दर श्रोत्यामागें आणि दर गाण्यामागें आकारणी ठरली. २० जून २००२ रोजीं एका श्रोत्यानें ऐकलेल्या एका गाण्यास एक सेंटाचा सात-शतांश भाग, असा दर जाहीर झाला. आंकडा किती क्षुल्लक! परंतु श्रोत्यांनीं स्वतःच गणित करून पाहावें. सरासरी १०० श्रोते, तासाला १५ गाणीं, अहोरात्र प्रसारण. वर्षाकांठीं १ कोटि ३१ लक्ष ४० हजार श्रवणें होतात, आणि देणें ९,१९८ डॉलर. २००७ च्या मार्चमध्यें नवे दर ठरले. त्यांप्रमाणें २०१० पर्यंत हाच आंकडा गाण्यामागें एक सेंटाचा एकोणीस-शतांश भाग व्हावयाचा होता. त्या दरानें त्याच शंभर श्रोत्यांसाठीं २४,९६६ डॉलर! ज्या केंद्राला जाहिरात नाहीं आणि वर्गणी नाहीं, त्यानें ते आणावयाचे कोठून? आणि विपरीत असें कीं, त्याच देशांत वायुलहरींवरील मोठमोठीं केंद्रें ध्वनिमुद्रणाचा मालक आणि गायक यांना कांहींच देत नाहींत. तीं फक्त कवि व संगीतकार यांचें देणें देतात.

याचा निषेध म्हणून २६ जून २००७ रोजीं तेथील हजारों इंटरनेट केंद्रांनीं एक दिवस मौन पाळलें. त्याआधीं २००२ मध्यें आणि नंतर २००८ व २००९ मध्यें अमेरिकेच्या विधिमंडळानें तडजोडीस वाव देणारे कायदे केले, आणि लहान केंद्रांना श्रोत्यांच्या संख्येऐवजीं मिळकतीच्या कांहीं टक्क्यांवर देणें देण्याची सवलत मिळाली. २००२ च्या तडजोडींत हें प्रमाण शेकडा १० ते १२ च्या घरांत होतें. २०१५ अखेर सवलतीची मुदत सरली. शेंकडों लहान केंद्रांना आसरा देणारी ‘लाइव्ह ३६५’ ही संस्था, गुंतवणूकदारांनींहि हात आंखडल्यामुळें, ३१ जानेवारी २०१६ रोजीं बंद पडली. पुढें नव्या मालकाकडे ती पुन्हां उभी राहिली. या सर्व घडामोडींचें सार एवढेंच कीं, दर कमी कीं जास्त यापेक्षां मोजण्याचें माप कोणतें, यावर लहानाचें मरण किंवा जगणें ठरतें.

हें तत्त्व आपल्या खेड्यांना अपरिचित नाहीं. आठवड्याच्या बाजारांत प्रत्येकाला बाजारपट्टी द्यावी लागते. परंतु भाजीची पाटी घेऊन बसलेल्या माळणीची पट्टी आणि कापडवाल्याच्या पालाची पट्टी एक नसते. माळणीला पट्टी माफ करा, असें कोणी म्हणत नाहीं. आणि कापडवाल्याइतकी द्या, असेंहि कोणी म्हणत नाहीं. इंटरनेटवरील लहान केंद्रासाठीं हाच न्याय लावणें अवघड नाहीं. मिळकतीचा ठरलेला भाग, मिळकत नसेल तेथें एक माफक ठरीव रक्कम, आणि सर्व मालकांचें देणें एकाच खिडकीशीं भरण्याची सोय, एवढें झालें तरी पुष्कळ होईल. याची मर्यादाहि आंखून द्यावी. केंद्राचें उत्पन्न अमुक रकमेपलीकडे गेलें, किंवा श्रोत्याला हवें तें गाणें निवडून घेण्याची सोय त्यानें दिली, कीं सवलत संपली. मग मोठ्या व्यापाऱ्याला लहानाच्या वेषांत शिरतां येणार नाहीं, आणि वृद्ध कवीच्या घरीं जाणारा वांटाहि बुडणार नाहीं.

कायदा बदलेपर्यंत त्या तरुणांनीं स्वस्थ बसावें काय? त्यांच्या हातीं एक उपाय आहे, आणि तो केवळ नाइलाजाचा नाहीं. ज्यांचे शब्द मोकळे आहेत अशा संतांच्या व शाहिरांच्या रचना, परंपरागत चालींत, गांवच्याच भजनी मंडळाकडून गाऊन घ्याव्यात. जात्यावरच्या ओव्या व धनगरी ओव्या जुन्या माणसांच्या तोंडून मुद्रित कराव्यात. अशा मुद्रणाचें मालक तें केंद्र स्वतःच होतें, आणि कोणत्याहि कंपनीचें दार ठोठावण्याची गरज राहत नाहीं. शिवाय हें धन असें आहे कीं, जें आज कोणी टिपून ठेवलें नाहीं, तें गाणाऱ्या माणसाबरोबर जाईल. मुंबईची कोणतीहि कंपनी तें विकत आणून देऊं शकणार नाहीं.

परंतु येथें लहान केंद्रानें स्वतःकडे पाहिलें पाहिजे. ओव्यांचे शब्द कोणाचे नसले, तरी त्या म्हणणाऱ्या म्हातारीचा गळा तिचा आहे, आणि तिच्या गायनावर कायद्यानें तिला हक्क दिलेला आहे. ‘आजी, जरा म्हणा’ असें सांगून तिचें गाणें टिपून घ्यावयाचें, जगभर ऐकवावयाचें, आणि तिचें नांवहि सांगावयाचें नाहीं, ही रीत पुष्कळ ठिकाणीं निरागसपणें चालते. असें करणाऱ्या केंद्राला मोठ्या कंपनीच्या अन्यायाविषयीं बोलण्याचा अधिकार उरत नाहीं. तें गायन कोठें वाजणार हें तिला समजावून सांगावें, तिची लेखी संमति घ्यावी, लिहितां येत नसेल तर साक्षीदारासमक्ष अंगठा घ्यावा, यथाशक्ति मानधन द्यावें, आणि प्रत्येक वेळीं तिचें व तिच्या गांवचें नांव उच्चारावें.

स्वामित्वहक्काचा कायदा गाणाऱ्याच्या रक्षणासाठीं जन्मला. त्याच्या योगानें वृद्ध संगीतकाराला त्याचा वांटा मिळाला, तर कायदा सार्थ झाला. परंतु त्याच कायद्याच्या मापाखालीं तालुक्याच्या गांवांतील एकुलतें एक केंद्र मुकें झालें, तर ज्या गाणाऱ्यांना त्या केंद्रावांचून दुसरें कोणी विचारीत नाहीं, त्यांचें गाणेंहि त्याबरोबर मुकें होईल. कवीचा वांटा आणि लहान केंद्राचा आवाज हीं दोन्ही राखणारें माप शोधतां येतें, हें शेकडा दोनच्या निवाड्यानें आपल्याच देशांत दाखवून दिलेलें आहे. तें इंटरनेटवरील लहान केंद्रालाहि मिळावें, आणि त्या केंद्रानेंहि आपल्या गांवच्या गायिकेशीं व्यवहार करतांना तेंच माप वापरावें, यांतच सर्वांचें हित आहे.